निवाडा मोडण्याचे दार



उसाचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होत असला तरी सह्यांचा हंगाम त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. तोडणी-वाहतुकीचे करार होतात, मुकादमाला उचल दिली जाते, ट्रॅक्टर-ट्रॉलीसाठी फायनान्स कंपनीचे कागद येतात, आणि भावकीतला कुणीतरी "जामीनदार म्हणून एवढी एक सही द्या" म्हणून दारात उभा राहतो. घोटभर चहा होईपर्यंत वीस-पंचवीस सह्या होऊन जातात. या कागदांत पाठीमागच्या एखाद्या पानावर बारीक अक्षरात एक कलम असते : काही तंटा उद्भवल्यास तो लवादाकडे सोपविला जाईल व लवादाचा निवाडा उभय पक्षांवर बंधनकारक राहील. हे कलम सहसा कुणी वाचत नाही. वाचले तरी भीती वाटत नाही. पाचामुखी परमेश्वर म्हणणारी आपण माणसे. लवाद म्हणजे पंचच की, असे म्हणून आपण पुढच्या पानावर सही करतो.

या लेखात सांगायचे ते एवढेच. लवादाचा निवाडा बंधनकारक असतो हे खरे. पण तो देशाच्या सार्वजनिक धोरणाविरुद्ध गेला असेल तर न्यायालय तो रद्द करू शकते, हेही खरे. कायद्याने हे दार मुद्दाम ठेवले आहे. ते अरुंदच असावे, असे माझे मत आहे. मात्र ज्या लहान माणसाला त्याची खरी गरज आहे त्याला तिथवर पोचता आले पाहिजे. आज मोठमोठी महामंडळे त्या दारातून जातात-येतात. घाटनांदूरच्या जामीनदाराला ते दार कोणत्या गावात आहे हेसुद्धा ठाऊक नसते.

सार्वजनिक धोरण म्हणजे काय?

लवादाचा कायदा १९९६ चा आहे. त्याच्या कलम ३४ मध्ये निवाडा रद्द करण्याची कारणे मोजून दिली आहेत. त्यांतले एक कारण म्हणजे, निवाडा भारताच्या सार्वजनिक धोरणाशी विसंगत असणे. शब्द मोठा आहे, पण अर्थ आपल्या शेतातलाच आहे. दोन उदाहरणे घेऊ.

ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा आहे. केंद्र सरकारने ठरविलेल्या किमान दरापेक्षा, म्हणजे आजच्या भाषेत एफआरपीपेक्षा, कमी दराने कारखान्याला ऊस विकण्याचा करार कुणालाच करता येत नाही. शेतकऱ्याने राजीखुशीने सही केली तरी तो करार चालत नाही. समजा, एखाद्या लवादाने म्हटले, "यांनी कमी दर कबूल केला होता, सबब तेवढाच मिळेल." दोघांची संमती आहे, कागद आहे, सही आहे. तरीही असा निवाडा टिकू नये, कारण हा दर त्या दोघांपुरता नाही. सगळ्या ऊस उत्पादकांच्या हितासाठी तो ठरविलेला आहे. एकाची सही सगळ्यांचे संरक्षण विकू शकत नाही.

दुसरे उदाहरण आपल्या बीड जिल्ह्याच्या जिव्हारी लागणारे आहे. एखाद्या कोयत्याकडे, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीकडे, उचल बाकी राहिली. समजा, कुणा लवादाने ठरविले की ती फिटेपर्यंत या दोघांनी पुढच्या हंगामातही त्याच मुकादमाकडे राबावे, दुसरीकडे जाऊ नये. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने नष्ट केलेली आहे. कर्जापोटी माणूस बांधून ठेवण्याचा हुकूम कोणत्याही पंचाने दिला तरी तो न्यायाच्या आणि नीतीच्या अगदी मूळ कल्पनेला धरून नाही.

सार्वजनिक धोरण ते हेच. दोन पक्षांच्या खाजगी करारापलीकडे समाजाने एक कुंपण घातलेले असते. पंचांना त्या कुंपणाच्या आत पुष्कळ मोकळीक आहे, कुंपण तोडायची मात्र नाही.

आता दुसरी बाजूही बघितली पाहिजे. लवादाने साक्षीदारावर भरवसा ठेवायला नको होता, हिशेब माझ्या बाजूने वाचायला हवा होता, मी जिंकायला हवे होते, ही कारणे येथे चालत नाहीत. कलम ३४ म्हणजे अपील नव्हे. न्यायालय पुरावा पहिल्यापासून तोलत बसत नाही.

दार किती उघडायचे?

या प्रश्नावर आपल्या सर्वोच्च न्यायालयात गेली तीसेक वर्षे रस्सीखेच चालली आहे. १९९३ साली रेणूसागर प्रकरणात, परदेशातल्या निवाड्याच्या संदर्भात, न्यायालयाने तीन कसोट्या घातल्या : भारतीय कायद्याचे मूलभूत धोरण, भारताचे हित आणि न्याय वा नीती. दार फटीएवढे उघडे होते म्हणा.

२००३ साली ते एकदम सताड उघडले. तेल व नैसर्गिक वायू महामंडळाने सॉ पाइप्स या कंपनीकडून पाइप मागविले होते. माल उशिरा आला. उशीर झाल्यास किती रक्कम कापायची ते करारातच लिहिलेले होते आणि महामंडळाने ती कापली. लवाद म्हणाले, नुकसान झाल्याचे सिद्ध करा, नाहीतर पैसे परत द्या. सर्वोच्च न्यायालयाने तो निवाडा रद्द केला आणि सांगितले की निवाडा उघडउघड बेकायदेशीर असेल तर तोही सार्वजनिक धोरणाविरुद्धच समजावा. त्या एका प्रकरणात महामंडळाचे म्हणणे वावगे होते असे मला वाटत नाही. करारात लिहिलेले लवादाने पुसायचे नसते. परंतु परिणाम असा झाला की हरलेला प्रत्येक पक्ष 'उघड बेकायदेशीर' एवढे दोन शब्द लिहून कोर्टाची पायरी चढू लागला. तंटा लवकर मिटावा म्हणून लवाद, आणि लवादानंतर पुन्हा दहा वर्षे कोर्ट. बैल सुटला तो दावणीला परत येईना.

शेवटी सोलापूरचे न्या. अजित प्रकाश शहा अध्यक्ष असलेल्या विधी आयोगाने २०१४ च्या २४६ व्या अहवालात दुरुस्ती सुचविली आणि २०१५ साली कायदा बदलला. आता सार्वजनिक धोरणाचा भंग तीनच गोष्टींनी होतो : निवाडा लबाडीने किंवा लाचलुचपतीने मिळविलेला असणे, भारतीय कायद्याच्या मूलभूत धोरणाचा भंग होणे, आणि न्याय वा नीतीच्या अगदी मूळ कल्पनांशी विरोध येणे. 'उघड बेकायदेशीरपणा' हे कारण वेगळे काढून फक्त देशांतर्गत निवाड्यांपुरते ठेवले. त्यातही कायदा लावण्यात साधी चूक झाली म्हणून किंवा पुरावा पुन्हा तपासून निवाडा मोडता येत नाही. २०१९ च्या सँगयाँग निकालात सर्वोच्च न्यायालयाने हाच अरुंद अर्थ पक्का केला.

हे योग्यच झाले, असे मी म्हणतो. कुणी विचारील, तुम्ही शेतकऱ्याची बाजू घेता आणि दार लहान ठेवा म्हणता, हे कसे? तर त्याचे कारण साधे आहे. कोर्टात वर्षानुवर्षे टिकाव धरण्याची ताकद ज्याच्याकडे असते, मोठे दार त्याच्याच कामी येते. उद्या यंत्रसामग्री पुरविणाऱ्या बड्या ठेकेदाराविरुद्ध आपल्या कारखान्याला निवाडा मिळाला, तर तो ठेकेदार याच मोठ्या दारातून पळून जाईल आणि पैसे अडकतील ते सभासदांचे.

शेंगदाण्याची गोष्ट आणि आपली साखर

सहकारातल्या माणसाने ध्यानात ठेवावे असे एक प्रकरण आहे ते नाफेडचे. नाफेड म्हणजे आपल्यासारख्याच सहकारी संस्थांची देशपातळीवरील पणन संस्था. १२ जानेवारी १९८० रोजी नाफेडने अलिमेंटा नावाच्या परदेशी कंपनीशी ५,००० टन शेंगदाणे देण्याचा करार केला. माल सौराष्ट्रातला द्यायचा होता. तिकडे वादळाने पिकाचे नुकसान झाले आणि १,९०० टनच जहाजात चढले. राहिलेले ३,१०० टन पुढच्या हंगामात द्यावेत असे पुरवणी कराराने ठरले. पण मागची बाकी पुढच्या वर्षी निर्यात करायची तर सरकारची परवानगी हवी, आणि सरकारने ती नाकारली. कंपनी लंडनच्या लवादाकडे गेली. १९८९ साली नाफेडविरुद्ध ४६ लाख ८१ हजार डॉलर आणि व्याज असा निवाडा झाला. १९९० साली अपिलात व्याजाचा दर आणखी वाढला.

परदेशी निवाडा आपल्या कोर्टाला रद्द करता येत नाही. येथे त्याची अंमलबजावणी नाकारता मात्र येते, आणि तिथेही सार्वजनिक धोरणाचीच कसोटी लागते. दिल्ली उच्च न्यायालयाने २००० साली अंमलबजावणीला मान्यता दिली. सर्वोच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२० रोजी ती नाकारली. न्या. अरुण मिश्रा, न्या. एम. आर. शहा आणि आपल्या अमरावतीचे न्या. भूषण गवई यांचे ते खंडपीठ होते. सरकारी परवानगीशिवाय निर्यात करणे म्हणजे देशाचा कायदा मोडणे, आणि निर्यातीला बंदी झाल्यास राहिलेला करार रद्द समजावा असे कलम त्या करारातच होते, हे दोन मुद्दे निर्णायक ठरले.

सहकारी संस्था वाचली म्हणून आपल्याला बरे वाटणे स्वाभाविक आहे. निकाल योग्य झाला असेही मला वाटते. पण कराराच्या सहीपासून शेवटच्या निकालापर्यंत ४० वर्षे गेली. एवढा काळ डोक्यावर डॉलरचे कर्ज टांगून कोणती संस्था नीट झोपेल? आणि परदेशातला खरेदीदार पुढच्या वेळी आपल्याशी सौदा करताना ही ४० वर्षे मनात धरणारच, दर पाडून मागणारच. सार्वजनिक धोरणाचे दार ही शेवटची सोय आहे. तिच्या भरवशावर धंदा करायचा नसतो.

आपल्याला याचे महत्त्व जास्त आहे. १ जून २०२२ पासून केंद्राने साखरेच्या निर्यातीवर मर्यादा घातली. २०२३-२४ च्या हंगामात निर्यातीचा कोटाच दिला नाही. २०२४-२५ साठी १० लाख टनांना परवानगी मिळाली, तीही जानेवारी २०२५ मध्ये, हंगाम अर्धा सरल्यावर. म्हणजे १९८० साली शेंगदाण्यावर जी पाळी आली ती साखरेच्या पोत्यावर कोणत्याही वर्षी येऊ शकते. जागतिक साखर व्यापारातले बरेच तंटे आजही लंडनच्या रिफाइंड शुगर असोसिएशनच्या लवादाकडे जातात. तेव्हा निर्यातीचा कोणताही सौदा करताना 'सरकारी परवानगी न मिळाल्यास करार संपला, कुणाचे कुणाला देणे नाही' हे कलम स्वच्छ शब्दांत असलेच पाहिजे. नाफेडला त्या एका कलमाने हात दिला. ते नसते तर काय झाले असते, याचा संचालक मंडळाने विचार करावा.

ट्रॅक्टरवाल्याचे दार कुठे आहे?

आता मोठ्यांच्या गोष्टी सोडून आपल्या शिवारात येऊ. ऊस वाहतुकीसाठी घेतलेल्या ट्रॅक्टरचा हप्ता थकतो. वर्ष खराब गेले, कारखाना लवकर बंद पडला, टोळी अर्ध्यातून पळाली, कारणे नाना असतात. कर्जाच्या कागदात लवादाचे कलम असते, आणि अशा पुष्कळ कागदांत असेही लिहिलेले असते की लवाद कंपनीनेच नेमायचा आणि त्याची बैठक चेन्नईला किंवा मुंबईला व्हायची. नोटीस इंग्रजीतून येते. घरात ती कुणाला वाचता येत नाही, कुणी सांगते, "टपाल घेऊच नका, परत पाठवा." लवाद एकतर्फी निवाडा देतो. मग एक दिवस अंबाजोगाईच्या कोर्टातून दरखास्तीची नोटीस घेऊन बेलीफ येतो आणि जामीनदाराच्या जमिनीवर जप्तीची भाषा सुरू होते.

पंच एकाच पक्षाने निवडायचा, तोही वसुली करणाऱ्याने, हे आपल्या कोणत्याही गावात कुणी मान्य करील काय? कायदाही आता ते मान्य करीत नाही. ज्याचा निकालात स्वार्थ आहे त्याने एकट्याने लवाद नेमू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली पर्किन्स ईस्टमन प्रकरणात सांगितले आणि त्या आधारावर अनेक उच्च न्यायालयांनी एकतर्फी नेमणुकीचे निवाडे टिकू दिले नाहीत. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने रेल्वेच्या एका प्रकरणात सरकारी करारांतली अशी कलमे समानतेच्या हक्काविरुद्ध ठरविली. त्याच निकालात न्या. नरसिंह यांनी वेगळे मत लिहून निःपक्ष लवादाची गरज सार्वजनिक धोरणाशी जोडली. नोटीसच नीट मिळाली नाही, बाजू मांडू दिली नाही, या कारणांसाठी तर कलम ३४ मध्ये स्वतंत्र वाट आहे.

म्हणजे कायदा आपल्या बाजूने आहे. तरी माणूस का बुडतो? तीन कारणांनी.

पहिले कारण मुदत. सहीची प्रत हातात पडल्यापासून तीन महिन्यांत अर्ज केला पाहिजे. सबळ कारण दाखविल्यास आणखी ३० दिवस मिळतात. त्यानंतर एक दिवससुद्धा नाही. सुगी, लग्न, तोडणी यांत चार महिने कसे गेले ते आपल्याला कळतही नाही.

दुसरे कारण जागा. लवादाचे ठिकाण चेन्नई लिहिले असेल तर निवाडा रद्द करण्याचा अर्ज चेन्नईच्या न्यायालयात करावा लागतो. वसुलीची दरखास्त मात्र जिथे मालमत्ता असेल तिथे थेट लावता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ठरविले आहे. याचा अर्थ ध्यानात घ्या : वसुली चालत अंबाजोगाईला येते आणि दाद मागायला आपण चेन्नईला जायचे. निवाडा मोडण्याचे दार कायद्यात आहे, पण ते हजार किलोमीटरवर आहे. माझी खरी तक्रार ही आहे. लहान कर्जदाराच्या बाबतीत, तो जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या न्यायालयातच हा अर्ज करता आला पाहिजे, अशी दुरुस्ती कायद्यात व्हावी. आपल्या आमदार-खासदारांकडे मागायचीच असेल तर ही गोष्ट मागावी.

तिसरे कारण गैरसमज. अर्ज केला म्हणजे वसुली थांबली, असे लोकांना वाटते. २०१५ पासून तसे नाही. स्थगितीचा अर्ज वेगळा करावा लागतो आणि न्यायालय रक्कम भरायला सांगू शकते.

आपल्या हातात काय आहे?

दिल्लीत कायदा बदलेल तेव्हा बदलेल. काही गोष्टी आपण येत्या वार्षिक सभेत ठरवू शकतो. त्या अशा :

१. आपल्या कारखान्याच्या तोडणी-वाहतूक करारात जिथे जिथे लवादाचे कलम असेल तिथे लवाद दोन्ही पक्षांच्या संमतीने नेमला जाईल, त्याची बैठक अंबाजोगाई किंवा बीड येथे होईल व कामकाज मराठीत चालेल, असे लिहावे. आपण फायनान्स कंपनीला नावे ठेवायची आणि आपल्याच मुकादमाला, वाहतूकदाराला तसाच कागद पुढे करायचा, हे सहकाराला शोभत नाही. (सभासद आणि संस्था यांच्यातले कारभाराचे तंटे सहकार कायद्याच्या कलम ९१ प्रमाणे सहकार न्यायालयात जातात, ते वेगळे. मल्टिस्टेट संस्थेच्या तंट्यात लवाद नेमण्याचा अधिकार केंद्रीय निबंधकांचा असतो, संस्थेचा नव्हे, हेही कर्जदारांनी ध्यानात ठेवावे.)

२. कराराची मराठी प्रत सही करणाऱ्याला आणि जामीनदाराला त्याच दिवशी मिळावी.

३. कारखान्याच्या विधी सल्लागारांनी महिन्यातून एक दिवस गट कार्यालयात बसावे. लवादाची नोटीस किंवा निवाडा आलेल्या सभासदाने आठ दिवसांच्या आत तो कागद त्यांना दाखवावा. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो, तो अर्जही तिथेच भरून द्यावा.

आणि प्रत्येक सभासदाने आपल्यापुरते एवढे करावे. टपाल परत पाठवू नये; घ्यावे, लिफाफ्यावर मिळाल्याची तारीख लिहावी आणि लिफाफा जपून ठेवावा. लवाद कंपनीने एकटीने नेमला असेल तर पहिल्याच नोटिशीला लेखी हरकत घ्यावी. तंटा उभा राहिल्यावर "या लवादाला आमची हरकत नाही" अशा मजकुरावर कुणाच्याही सांगण्यावरून सही करू नये. कारण तशी एक सही केली की ती हरकत कायमची गेली.

जुन्या गोतसभेत वादी-प्रतिवादी दोघेही पंचांसमोर बसत आणि दोघांच्याही तोंडची गोष्ट ऐकून निवाडा होई. पंचांच्या शब्दाला वजन होते ते त्यामुळे. एकाने नेमलेला, दुसऱ्याला न ऐकता, परमुलखात बसून दिलेला निवाडा त्या मानाचा हक्कदार नाही. असा निवाडा मोडणे म्हणजे पंचायतीचा अपमान नव्हे. मात्र तो मोडायचा तर वेळेत आणि कायद्याच्या वाटेने, हे सभासदांनी विसरू नये. पुढच्या सभेत या सूचनांवर बरी-वाईट चर्चा व्हावी, एवढीच विनंती.

जय सहकार!

— एक ऊस उत्पादक सभासद, घाटनांदूर